खालच्या ओळीतला तिसरा फोटो

औरंगाबादेतल्या मुकुंदवाडीच्या चौकात जयंतीच्या आदल्या रात्री फ्लेक्स चढतात. कुठली जयंती ते सांगत नाही. वर्षाला जयंत्या पुष्कळ आणि चौक एकच, त्यामुळे एक फ्लेक्स उतरतो न उतरतो तोच दुसरा चढतो. त्या सकाळी मी दूध आणायला निघालो होतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा जालना रोडच्या कडेला मान वर करून उभा होता. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "काका, ते बघा ना. खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा."

मी चष्मा सावरला. मधोमध महापुरुष, त्यांच्या शेजारी साहेब, साहेबांच्या खाली दादा, दादांच्या खाली भाऊ. अगदी तळाला 'शुभेच्छुक' या शब्दाखाली आधारकार्डावरच्या फोटोएवढ्या चौकटींत पंधरा-सोळा चेहरे. झाडून सगळ्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल, त्यामुळे डावीकडून तिसरा आणि डावीकडून चौथा यांतला फरक मला काही कळेना.

"दिसलं का?"

"दिसलं की. छान आलाय."

"गॉगल मित्राचाय," तो म्हणाला.

हा मुलगा बी.कॉम. झालेला आहे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडं सात महिने, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडं सात महिने, असं त्याचं चाललेलं असतं. गळ्यातल्या गेटपासवर ठेकेदाराचं नाव ठळक आणि याचं नाव खाली बॉलपेननं लिहिलेलं, घामानं पुसट झालेलं. फ्लेक्सवर मात्र नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि पुढं 'पाटील' लावून सगळं पुरं छापलेलं. त्या चौकटीसाठी त्यानं वर्गणी भरली होती आणि दोन रात्री मंडपाला जागला होता. आपलं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असावं. दहावीची गुणपत्रिका धरली तरी.

प्रकरण कादंबऱ्यांचं आहे आणि मी फ्लेक्सपासून सुरुवात केली, त्याला कारण आहे. तरुण मुलगा कडवा कसा होतो, या प्रश्नावर वर्तमानपत्रं नेहमी विचारसरणीपासून सुरुवात करतात: कोणतं पुस्तक वाचलं, कोणाचं भाषण ऐकलं, मोबाइलवर काय बघितलं. चांगल्या कादंबऱ्या तिथून सुरुवात करत नाहीत. त्या सुरू होतात रिकाम्या संध्याकाळपासून, एखाद्या बारीक अपमानापासून आणि नावानं हाक मारणाऱ्या कोणापासून तरी. पोरगं आधी कामाला लागतं. विचार मागाहून येतो. हे मत मी समाजशास्त्राच्या नव्हे, कथा-कादंबऱ्यांच्या जोरावर मांडतो आहे.

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. 'कट्टर' हा शब्द आपल्याकडं शिवी नाही, पदवी आहे. बुलेटच्या टाकीवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर 'कट्टर' असं अभिमानानं चिकटवलेलं असतं. आपला असेल तर कट्टर, त्यांचा असेल तर माथेफिरू. 'अस्मिता' या शब्दाचं तर याहून गमतीशीर झालं आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक: अविद्येच्या खालोखाल दुसरा. पाहणारा आणि पाहण्याचं साधन यांना एकच समजणं, 'मी'पण नको त्या गोष्टीला चिकटवणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. ज्या शब्दानं आजाराचं नाव सांगितलं होतं, तो विसाव्या शतकात मराठीत टॉनिक म्हणून आला. आज 'अस्मितेला धक्का' म्हटलं की माणसं रस्त्यावर येतात.

तरी हा बदल नुसता चेष्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि त्याचा एक महत्त्वाचा पत्ता याच शहरातला आहे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली औरंगाबादेतून 'अस्मिता' नावाचं नियतकालिक काढलं. तेच पुढं 'अस्मितादर्श' झालं आणि दलित लेखकांच्या कितीतरी पिढ्या त्यातून लिहित्या झाल्या. ज्यांना माणूस म्हणून नावच नव्हतं, जातीचं नाव हीच ओळख होती, त्यांच्यासाठी अस्मिता हा क्लेश कसा असेल? ते औषधच होतं. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, अमेरिकेत एरिक एरिक्सनचं तारुण्य आणि ओळखीचा पेच यांवरचं पुस्तक आलं. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला तो त्याच्यामुळं. एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही. सावत्र बापाचं होम्बर्गर हे आडनाव त्यानं लहानपणी लावलं आणि अमेरिकन नागरिक झाल्यावर स्वतःच नवं घेतलं: एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःच स्वतःचा बाप झालेला माणूस. ओळख हरवल्यावर माणूस काय करतो, ते त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

नावासाठी झगडणं या शहराला चांगलंच ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी केला, पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. शहराच्या नव्या नावाची घोषणा बाळासाहेब ठाकऱ्यांनी १९८८ मध्ये इथल्या सभेत केली. त्यावर केंद्राची मोहोर उमटली फेब्रुवारी २०२३ मध्ये. विद्यापीठाला साडेपंधरा वर्षं, शहराला पस्तीस. दोन पिढ्यांची उमेदीची वर्षं दोन पाट्यांखाली गेली. विद्यापीठाची लढाई आणि शहराची लढाई एका तागडीत घालायची नाही. एकीत माणूसपणाचा हक्क होता, दुसरीत इतिहासाचा हिशेब. पण दोन्हींकडं पोरं मात्र विशीतलीच होती.

आता पुस्तकं. १९६३ हे साल मराठी कथासाहित्यात विलक्षण आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' त्या वर्षी आली आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही त्याच वर्षी आला. एकात तरुण विचारतो, मी कोण आहे आणि कशाला आहे? दुसऱ्यातला तरुण विचारतो, मी कोण आहे हे कळलं तर हे मला जिवंत सोडतील का? दोन्ही प्रश्न ओळखीचेच. पण पहिला विचारायला जरा ऐपत लागते.

पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहतो, मेस चालवायला घेऊन कर्ज करून बसतो, परीक्षेत आपटतो, धाकटी बहीण मनी जाते तेव्हा आतून मोडतो आणि शेवटी खानदेशातल्या आपल्या गावी परत येतो. इतका तुटलेला मुलगा, पण तो कुणाचा द्वेष करत नाही. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या दोन शब्दांनी तो सगळ्या मोठ्या गोष्टींतली हवा काढत राहतो, स्वतःतली सुद्धा. अशा मुलाला कुणी झेंडा दिला असता तर त्यानं काठीचं लाकूड कोणतं ते विचारलं असतं. उपरोध हे कडवेपणावरचं नामी औषध आहे, हे 'कोसला'नं साठ वर्षांपूर्वी दाखवलं. मात्र पांडुरंगाकडं परतायला गाव होतं. घर होतं, शेत होतं, तक्रार करायला का होईना पण खातापिता बाप होता. चौकातल्या त्या मुलाच्या बापानं जालन्याकडची दीड एकर कधीच विकली आहे. परत कुठं जायचं? उपरोध सुचायलाही पाठीमागं भिंत लागते.

बागुलांची कथा वाचताना मी अजूनही मध्येच पुस्तक मिटतो. नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि गुजरातेत, परक्या गावात, खोली शोधू लागतो. जात विचारली जाते. तो सरळ उत्तर देत नाही, आणि तिथून सुरू होते एक भयंकर पाहुणचाराची गोष्ट: लोक त्याला कवी म्हणून मान देतात, घरी बोलावतात, जेवायला वाढतात, आणि प्रत्येक घास त्याच्या घशात अडकतो. त्याच नोकरीवर काशिनाथ आहे. त्याचीही जात तीच. पण काशिनाथ लपवत नाही. तो जात सांगतो आणि खिशात चाकू ठेवतो.

ओळखीच्या पेचाला तरुण दोन उत्तरं देतो, ती इथं शेजारी-शेजारी उभी आहेत: एकजण स्वतःला पुसतो, दुसरा स्वतःला धार लावतो. बागूल यांतल्या कुणालाही हसत नाहीत. शेवटी बिंग फुटतं, नायकाला मरणाचा मार बसतो आणि सोडवायला येतो तो चाकूवाला काशिनाथच. आता ठरवा, काशिनाथ कडवा होता का? वर्तमानपत्रात ही घटना आली असती तर बातमी काशिनाथच्या चाकूची झाली असती. आधीच्या सगळ्या जेवणावळींना बातमीत जागा नसते.

भाऊ पाध्यांकडं वळतो, कारण त्यांच्या दोन पुस्तकांमधल्या दहा वर्षांत एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. 'वासूनाका' १९६५ चं. मुंबईतल्या नाक्यावरची टारगट पोरं, त्यांची भाषा, त्यांचा हलकटपणा. त्या पोरांना झेंडा नाही, घोषणा नाही. कुणाला वाचवायचं नाही की कुणाला संपवायचं नाही. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेनेची स्थापना झाली. आणि १९७५ मध्ये 'राडा' आली, तोवर नाक्याला पाटी लागली होती. आता तो नाका नव्हता, शाखा होती. पोरं तीच, मारामारीची हौस तीच, बसायचा कठडाही बहुधा तोच. फरक एवढाच की आता मारामारीला कारण होतं आणि कारणामागं मोठी माणसं होती. समाजशास्त्रज्ञांनी शिवसेनेवर पुष्कळ लिहिलं. नाक्याची शाखा कशी होते हे कळायला मात्र मी ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचायला सांगेन. ज्यांना पुढचा भाग हवा असेल त्यांनी जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक वाचावं. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगाराच्या घरातला एक मुलगा टोळीत जातो, आणि त्या घरात रोज हाताला काम असलेला पुरुष तेवढा तोच असतो.

मुकुंदवाडीला नाका म्हणत नाहीत, कट्टा म्हणतात. हे मूळचं गावच. शहर पूर्वेकडं सरकत आलं, सिडको बसली, एमआयडीसीची शेड उभी राहिली, विमानतळाची भिंत आली, आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून कामाच्या शोधात आलेली कुटुंबं रुळांच्या आजूबाजूला पसरली. ऐंशीच्या दशकात हे शहर आशियात सर्वांत वेगानं वाढतंय, असं जो तो सांगत असे. आमच्या शाळेतल्या निबंधांतही ते वाक्य असायचं. त्याच शहरातल्या मुकुंदवाडी स्टेशनवरून २०१९ च्या टंचाईत लहान लहान मुलं कॅन घेऊन पॅसेंजर गाडीनं औरंगाबाद स्टेशनला जात होती, पाणी भरायला. पैठणचं नाथसागर धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. नळाला पाणी आठवड्यानं. ज्या घरात पाण्याची वेळ नक्की नाही, नोकरीची मुदत नक्की नाही, त्या घरातल्या मुलाला काहीतरी नक्की हवं असतं. कट्ट्यावर ते मिळतं. भगवी पाटी असो, निळी असो, हिरवी असो, रात्री नऊला तिथं कोणीतरी असणार आणि ते नाव घेऊन हाक मारणार, हे ठरलेलं.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) ही रिकामी वेळ गावाकडची आहे. एकनाथ उच्चशिक्षित. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरीच राहिलेला. बायको अलका या दारिद्र्याला विटलेली. धाकटा भाऊ मधू म्हणतो, जमीन विका, पैसे भरा, मला नोकरी लावा. त्या कादंबरीतला सगळ्यांत बोचरा भाग दुष्काळाचा नाही, प्रमाणपत्रांचा आहे. शिक्षणानं मुलाला शेतातून उचललं आणि ऑफिसच्या पायरीवर आणून बसवलं. आत घेतलं नाही. असा पायरीवरचा मुलगा मराठीत नेमका चितारला गेला आहे. तो पायरीवरून उठून कुठं गेला, हे मात्र आपल्या कादंबऱ्या बहुतेक वेळा दाराआडूनच बघतात. प्रवीण बांदेकरांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला बरं वाटलं ते त्यासाठी: निदान दोऱ्या कुणाच्या हातात आहेत, हे विचारायचं धाडस त्या पुस्तकानं केलं.

आणि प्रश्न नुसता वाङ्मयीन नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं ज्या दोघांना जन्मठेप दिली, ते दोघेही आपल्याच जिल्ह्यातले, खून झाला तेव्हा विशीतले. त्याआधी मे २००६ मध्ये पकडलेला शस्त्रसाठा 'औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण' म्हणूनच ओळखला जातो. त्या खटल्यात २०१६ साली मुंबईच्या विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं. धर्म वेगळे, टोकं वेगळी. निकालपत्रात कधी, कुठं, कशानं हे सगळं येतं. दुकानात, शेतात नाहीतर कॉलेजात असलेला मुलगा कुठल्या संध्याकाळी तिथवर पोचला, हे येत नाही. न्यायालयाला ते विचारायचं कारणही नसतं.

हे बघणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली हनीफ कुरेशीची 'माय सन द फनॅटिक' ही १९९४ ची कथा. परवेझ इंग्लंडमध्ये टॅक्सी चालवतो. मुलाची खोली नेहमी पसाऱ्यानं भरलेली. ती एकाएकी नीटनेटकी व्हायला लागते. कपडे जातात, कॅसेट जातात, वस्तू एकेक करून नाहीशा होतात. बापाला वाटतं, पोरगं नशा करायला लागलं आणि सामान विकतंय. तो चोरून मुलाच्या डोळ्यांत बघतो, मित्रांना विचारतो, पाळत ठेवतो. शेवटी कळतं की मुलगा पाच वेळा नमाज पढतो आणि बापाच्या दारूची, त्याच्या सगळ्या जगण्याची त्याला किळस येते. कथेचा शेवट बापाच्या हातचा मार खाणाऱ्या मुलावर होतो, आणि यांतला कडवा कोण, हा प्रश्न वाचकाच्या अंगावर येतो.

ती नीटनेटकी खोली माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं आया काय सांगतात? "सुधारला हो आता. पहाटं उठतो, तालमीत जातो, गुटखा सोडला." आणि ते खरंच असतं. मुलाला शिस्त लागते, तब्येत सुधारते, घरात मोठ्या आवाजात बोलणं बंद होतं. ज्या मंडळानं, ज्या संघटनेनं हे केलं तिला आई दुवा देणारच. बिघाडाची पहिली खूण सुधारणेसारखी दिसते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती सुधारणाच असते, म्हणून तर ओळखू येत नाही.

दुसरं पुस्तक किरण नगरकरांचं. 'सात सक्कं त्रेचाळीस' ही १९७४ ची त्यांची पहिली कादंबरी मराठीत. नंतर ते इंग्रजीकडं गेले आणि मराठीनं त्यांच्याकडं जवळजवळ पाठ फिरवली. त्यांच्या 'गॉड्स लिटल सोल्जर' (२००६) या कादंबरीतला झिया खान हा मुंबईतल्या सुखवस्तू, सुशिक्षित, उदारमतवादी मुस्लीम घरातला मुलगा. गरिबी नाही, बेकारी नाही, केंब्रिजचं शिक्षण. म्हणजे मी वर मांडलेल्या पायरीवरच्या मुलाच्या सिद्धांताला हा उघड उघड छेद. झिया आधी इस्लामचा लढवय्या होतो, मग ख्रिस्ती मठात साधू होतो, मग हिंदू नाव घेतो. देव बदलतो, नाव बदलतं, वेश बदलतो. आत पेटलेलं ते काही बदलत नाही. प्रत्येक धर्मात त्याला हवं असतं एकच: मी निवडला गेलेलो आहे, ही खात्री. त्याचा मोठा भाऊ अमानत घरात बसून कबिरावर कादंबरी लिहीत असतो. एक भाऊ जगाला वाचवायला निघालेला, दुसरा संशय घेत बसलेला. पुस्तक लांबलंय, मधली दोनशे पानं कमी चालली असती. तरी धर्म हा कडवेपणाचा पोशाख आहे, शरीर नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं भारतीय पुस्तक चटकन आठवत नाही.

करण महाजनच्या 'द असोसिएशन ऑफ स्मॉल बॉम्ब्ज'मध्ये (२०१६) गोष्ट सुरू होते दिल्लीच्या लाजपतनगरातून. १९९६ साल. दुरुस्तीला टाकलेला टीव्ही आणायला गेलेली तीन मुलं, स्फोट, दोघं भाऊ जागीच जातात, मन्सूर वाचतो. पुढं भेटतो अयूब. हा तरुण अहिंसावादी कार्यकर्ता आहे, बिनचौकशी डांबलेल्या मुस्लीम तरुणांसाठी मोर्चे काढणारा. मोर्चाला कोणी विचारत नाही, प्रेम मोडतं, अंग दुखत राहतं. आणि एक दिवस त्याला पटतं की लक्ष वेधून घ्यायचं तर स्फोटच हवा. महाजनची कमाल अशी की तो क्षण मोठा करून दाखवत नाही. अयूब घसरतो तो एखाद्या कंटाळलेल्या माणसानं नोकरी बदलावी तसा. कादंबरीत बॉम्ब बनवणारेही वायर, उधारी आणि प्रवासखर्च यांवरच जास्त बोलतात. हे वाचताना चीड येते. खलनायक असा साधा, तिकीटखिडकीशी हुज्जत घालणारा असावा, हे आपल्याला सहन होत नाही.

मराठवाड्याची गोष्ट मात्र याहून निराळी आहे, आणि ती लिहिताना माझी लेखणी अडखळते. आमच्याकडच्या पोराचा संताप पुष्कळदा दुसऱ्यावर जायच्या आधी स्वतःवरच गेला आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारेनं नामांतरासाठी आत्मदहन केलं. ९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा याच शहरातून निघाला. लाखोंच्या गर्दीत घोषणा नव्हती. दोन वर्षांत तो मूकपणा सरला, आणि २३ जुलै २०१८ ला कायगाव टोका इथं काकासाहेब शिंदेनं आरक्षणासाठी गोदावरीत उडी घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुकुंदवाडीतल्या एका तरुणानं फेसबुकवर तेच कारण लिहून जीवन संपवलं. जालना रोड अडवला गेला, दुकानं बंद झाली. एक नामांतरवादी, दोघं आरक्षणवादी; राजकारणाच्या नकाशावर त्यांना समोरासमोर उभं करणारे लोक आहेत. घरं बघितली तर ती एकाच गल्लीत शोभली असती. यांना दहशतवाद्यांच्या पंक्तीला बसवणं हा शुद्ध अन्याय होईल आणि हुतात्मा म्हणून त्यांचे फ्लेक्स लावणं हा पुढच्या मुलाला दिलेला धोका. दोन्ही गोष्टी घडल्या. आई-बापाच्या घरी नंतर कोण गेलं, किती दिवस गेलं, हे विचारणारी कादंबरी महाश्वेतादेवींनी नक्षलवादी मुलाच्या आईवर १९७४ मध्ये बंगालीत लिहिली: 'हजार चुराशीर मा'. मेलेला मुलगा नक्की कोण होता, हे ती आई तो गेल्यावर शोधत फिरते.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिलं, त्याचा इथं विचार करावासा वाटतो. मिलिंद हा ग्रीक राजा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला पहिलाच प्रश्न विचारतो तो नावाचा. नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसतं नाव आहे, त्यामागं सापडेल असं कुणी नाही. राजा खवळतो. मग नागसेन विचारतो, तू कशात बसून आलास? रथात. मग रथ म्हणजे चाकं का? आस का? दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. ज्या मुलांना गावानं नावच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी कॉलेज काढायचं आणि त्याला नाव द्यायचं प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. घोषणा देणारे राजे काही कमी नव्हते.

गेल्या पावसाळ्यात त्या मुलाच्या घरी जाणं झालं. त्याचा ब्रेक चालू होता. "लागलं का कुठं?" विचारलं तर म्हणाला, "सोमवारी बोलावलंय." मंडळाचं? "चाललंय." भाऊंनी पक्ष बदलला होता, त्यामुळे कट्ट्यावरची पाटीही बदलली होती, हा तिथंच बसत होता. आई बाहेर पत्र्याच्या शेडखाली पाण्याचे ड्रम झाकत होती. नळाला आदल्या दिवशीच पाणी येऊन गेलं होतं, आता ते आठवडाभर पुरवायचं. ड्रमवर तोच फ्लेक्स होता, चौघडी करून, वरून विटा ठेवलेल्या. मापात कापताना साहेब अर्धे गेले होते, दादा पुरते गेले होते.

छापलेली बाजू खाली का, म्हणून मी सहज विचारलं. शाई पाण्यात उतरेल, असं माझं म्हणणं.

"त्यानंच सांगितलंय तसं," ती म्हणाली. "वर ठेवलं की उन्हानं तोंडं पांढरी पडतात म्हणे."